दीड वेढ्याचा कान

माझा उजवा कान जन्मापासून नावालाच होता, असं आता डॉक्टर सांगतात. तेव्हा कुणाला पत्ता नव्हता, कारण डावा कान दोघांचं काम करत होता. हाक मारली की मी वळायची, शाळेत पाढे घडाघडा म्हणायची, शेतातून आईने आवाज दिला की अंगणातून ओ द्यायची. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर आमची वाडी. बाबा मुंबईला एका छापखान्यात कामाला होते, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. घर, भातशेती आणि मी, हे सगळं आई एकटी सांभाळायची.

तिसरीत असताना मी गडग्यावरून पडले. जांभा दगड एकावर एक रचून केलेला आमच्या परड्याचा तो गडगा कमरेएवढाच उंच होता. डोक्याला टेंगूळ आलं, आईने हळद लावली, मी झोपले. सकाळी उठले तर आईचे ओठ हलत होते आणि आवाज मात्र शेजारच्या घरातून आल्यासारखा येत होता. आठवड्याभरात बरंचसं परत आलं. सगळं आलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं. पुढे पाचवीत विहिरीवर मैत्रिणीचं कोपर कानशिलाला लागलं आणि पुन्हा तेच झालं. या वेळी त्याहूनही थोडं कमी परत आलं. मग वर्गाच्या बाईंनी आईला शाळेत बोलावून सांगितलं, "हिला मागच्या बाकावरून काही कळत नाही," आणि बाबा रजा काढून आले आणि मला मुंबईला घेऊन गेले.

तिथे माझ्या डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर बाबांना पडद्यावर काहीतरी दाखवत होते. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्याला अडीच वेढे असतात. माझ्या डाव्या कानात दीडच वेढा होता, पुढचा भाग नुसताच पोकळ. उजवीकडे तर तेवढंही धड नव्हतं. शिवाय आतल्या कानातून निघणारी एक बारीक नळी माझ्यात नको तितकी रुंद होती. त्यामुळे डोक्याला धक्का बसला की आतलं काहीतरी हलतं आणि ऐकणं एक पायरी खाली उतरतं.

"पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि मैदानी खेळ एकदम बंद."

"म्हणजे ऐकायला येत राहील?" बाबांनी विचारलं.

"सांगता येत नाही. जपलं तरी हळूहळू कमी होऊ शकतं. पण जपायला हवं."

कानाला लावायचं मशीन घेऊन आम्ही परत आलो. आईने त्या दिवसापासून मला हंडा उचलू दिला नाही. गडग्यावर चढू दिलं नाही. खळ्यात इतर मुली उड्या मारत असताना मी पायरीवर बसलेली. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी आईने पहिली पक्की धरली आणि दुसरी मुंबईतच सोडली. मी दोन्ही लक्षात ठेवल्या होत्या.

आमच्या भागात कबड्डी शिकवावी लागत नाही. प्रत्येक वाडीचा एक संघ असतोच. आमच्या हायस्कुलाचं मैदान म्हणजे कातळ तासून त्यावर लाल माती पसरलेली जागा. खेळाच्या बाईंना माझं दुखणं माहीत होतं, म्हणून त्यांनी मला रेषा आखायचं काम दिलं. सामन्याआधी मी फक्कीने मध्यरेषा आखायची, बाजूच्या पट्ट्या आखायची, मग कडेला उभी राहून बघायची. असं बघून बघून मला सगळं कळायला लागलं. कुठली मुलगी कुठल्या पायावर वळते, कोण पकड करताना डोळे मिटते, कुणाचा दम मध्यरेषेच्या अलीकडेच संपतो. नववीत एकदा संघातली एक मुलगी तापाने आली नाही. बाई इकडेतिकडे बघत होत्या. मी मशीन काढून रुमालात गुंडाळलं, त्यांच्या हातात दिलं आणि मैदानात गेले.

"आईला विचारलंस का?" बाईंनी ओठ मोठे करून विचारलं.

"विचारते," मी म्हटलं. विचारलं मात्र नाही.

मी वेगवान होते. आणि अंगाला हात लागू न देता परत यायचं, हे मला इतरांपेक्षा जास्त जमत होतं, कारण माझ्याकडे त्याचं कारण होतं. डोकं खाली घालून घुसायचं नाही हा माझा स्वतःचा नियम. तेव्हापासून मी संघातच राहिले. आईला सांगायची, बाईंबरोबर रेषा आखायला जाते.

दहावीत दिवाळीनंतर आमच्याच मैदानावर सामने होते. मी चढाईला गेले होते. समोरच्या मुलींचे चेहरे एकदम बदलले, त्या माझ्या मागे बघायला लागल्या, म्हणून मीही वळून बघितलं. मैदानाच्या कडेला आई उभी होती. गवत कापता कापता उठून आलेली, हातात कोयती तशीच. पंचांनी शिट्टी वाजवली असावी, सगळे थांबले.

"बाहेर ये," आई म्हणाली. तिचे ओठ मला कितीही लांबून वाचता यायचे.

"सामना संपू दे."

"डॉक्टर काय बोललेत ठाऊक हाय ना तुला?"

"धक्का बसला तर जाईल, असं बोलले. नाही बसला तरी हळूहळू जाऊ शकतं, असंही बोलले. तू अर्धंच लक्षात ठेवलंस."

सगळी वाडी बघत होती. मला वाटलं, ती फरफटत नेणार. ती म्हणाली, "आणि गेलं तर?"

"जायचंच असेल तर खेळून जाऊ दे. पायरीवर बसून नको."

आई मागे फिरली. मैदानापलीकडे काजूचं झाड होतं, तिथे जाऊन बसली. सामना संपेपर्यंत तिथून हलली नाही. आम्ही तो सामना हरलो. घरी जाताना ती पुढे चालत होती आणि मी मागे. तिने तोंड वळवलंच नाही, त्यामुळे ती काही बोलली की नाही ते मला कळलं नाही. त्यानंतर मात्र मी खेळायला निघाले की ती माझ्या डोक्याला चार पदरी रुमाल घट्ट बांधायची. त्या रुमालाने काय होणार होतं? पण मी बांधून घ्यायची.

कबड्डीने माझा कान घालवला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आजही आमच्या नात्यातली अर्धी माणसं तसंच समजतात.

कॉलेजला मी रत्नागिरीत आले. मांडवीला खोली घेऊन आम्ही तिघी मुली राहायचो. मी कॉलेजच्या संघात होते. एका शनिवारी एसटीने घरी निघाले होते. घाटातल्या वळणावर म्हैस आडवी आली, चालकाने ब्रेक मारला आणि माझं कपाळ पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. फारसं लागलंही नाही. बाजूच्या म्हातारीने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, मी मान हलवली. स्टॉपवर उतरून घरापर्यंत चालत गेले. अंगणात आमचा कुत्रा माझ्याकडे धावत आला, तोंड उघडत होता, मिटत होता, आणि आवाज मात्र नव्हता. मी मशीन काढून हलवून बघितलं, बॅटरी बदलली. मग ते हातात घेऊन पायरीवर बसले.

या वेळी आठवडा गेला, महिना गेला, काहीच परत आलं नाही.

काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घरी आले. मला वाटतं ते बराच वेळ बोलत होते. शेवटी मला कळावं म्हणून त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "कबड्डीनं घालवला कान."

"काका, एसटीनं घालवला," मी म्हटलं. "एसटी बंद करायला सांगा."

त्यांना राग आला. माझा आवाज किती मोठा झाला होता ते मला समजायला मार्ग नव्हता.

ऐकू येत नाही म्हणजे शांतता असते, असं लोकांना वाटतं. माझ्या कानात सारखी घरघर चालायची, पिठाच्या गिरणीसारखी. मी कॉलेज सोडलं नाही. पहिल्या बाकावर बसायची. खोलीतली एक मैत्रीण तिची टिपणं मला द्यायची. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या सरांना मी वर्गात उभी राहून सांगायची, "सर, इकडे बघून बोला." पहिल्यांदा वर्ग हसला असावा. नंतर सरांनाच सवय झाली. काही जण माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचे, मला कळणार नाही अशा खात्रीने. मी लहानपणापासून ओठ वाचत आले होते हे त्यांना माहीत नव्हतं. संघातून मात्र मला काढलं. पंचांची शिट्टी ऐकू येत नाही, कुणाला तरी लागेल, असं म्हणाले. मी भांडले. उपयोग झाला नाही.

कानाच्या आत तार घालून ऐकू आणायचं ऑपरेशन असतं, हे बाबांना मुंबईत कुणीतरी सांगितलं. ते मला घेऊन एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी फोटो बघितले आणि बाबांशी बोलायला सुरुवात केली. मी दोघांच्या मधे बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, पण त्यांचा चेहरा उजेडाकडे होता.

"अशा कानात बसवून उपयोग नाही," ते म्हणत होते. "आतली जागाच नीट बनलेली नाही. तार सरळ जात नाही, पाणी सुटतं, मेंदूला ताप होऊ शकतो. कशाला जोखीम घेता? खुणांची भाषा शिकवा तिला. दिसायला चांगली आहे, लग्न लावून द्या."

"मी ओठ वाचते," मी म्हटलं.

ते दचकले.

"खुणांची भाषा मी शिकेनच, ती काही शिक्षा नाही. पण उपयोग होणार नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? जोखीम आहे हे कळलं. उपयोगाचं विचारतेय."

ते बाबांकडे वळले. "मुलीला जरा समजावा."

बाबा फार कमी बोलणारे. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द छापून त्यांना स्वतःचे लागेनासे झाले असावेत. त्यांनी फोटोंची पिशवी उचलली, डॉक्टरांना नमस्कार केला आणि आम्ही बाहेर आलो. फूटपाथवर ते माझ्यासमोर उभे राहिले, मला नीट दिसावं म्हणून चष्मा काढला, जसा काही चष्म्याने ओठ झाकले जात होते, आणि म्हणाले, "दुसरा बघू."

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि पहिलाच प्रश्न मला विचारला. "शेवटचं ऐकू आलेलं काय आठवतं?"

"ब्रेकचा आवाज."

त्यांनी फोटो बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या, "उजव्या कानाला मी हात लावणार नाही. तिथे नसच बारीक आहे. डावा मात्र इतकी वर्षं ऐकत होता ना? म्हणजे नस आहे आणि ती काम करते. शंख अर्धवट असला तरी तार घालायला जागा आहे. आता वाईट काय होऊ शकतं ते ऐक."

त्यांनी सगळं सांगितलं. शंखाला भोक पाडल्यावर आतलं पाणी जोरात बाहेर येईल, ते बंद करावं लागेल. बंद झालं नाही तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, म्हणून आधी लस घ्यायची. चेहऱ्याची नस अशा कानात कधीकधी भलत्याच जागी असते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होऊ शकतं. तार पूर्ण जाईल याची खात्री नाही. आणि आवाज आला तरी तो पहिल्यासारखा नसेल.

"आणि काहीच आलं नाही तर?" मी विचारलं.

"तर तू आज आहेस तिथेच राहशील. कानामागे एक व्रण जास्त."

"ऑपरेशननंतर खेळता येईल?"

"चालता येईल, पळता येईल. कबड्डी नाही. डोक्यात आत वस्तू बसवलेली असते, तिच्यावर कुणाचा गुडघा बसला तर सगळंच गेलं. हे मी तुला आत्ताच सांगते, नंतर माझ्याशी भांडायचं नाही."

मी एक दिवस मागितला. तो दिवस मी ऑपरेशनच्या भीतीत घालवला नाही. ऐकणं की खेळणं, एवढंच घेऊन बसले होते. संघातून तर त्यांनी मला काढलंच होतं. पण काढणं वेगळं आणि आपणहून सोडणं वेगळं. संध्याकाळपर्यंत माझं ठरलं. चढाई सोडायची. कबड्डी सोडायची असं कुणी म्हटलंय?

सही करायच्या वेळी काका आले होते. ते बाबांना सांगत होते की पोरीचं तोंड वाकडं झालं तर तिला कोण करून घेईल. बाबांनी सहीसाठी पेन घेतलं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "मी सज्ञान आहे. माझा कान आहे, मीच सही करते." बाबांनी खुर्ची मागे घेतली. पैशाचं कसं जमवलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. पाणी सुटलं, डॉक्टरांनी म्हटलं होतं तसंच. स्नायूचा छोटा तुकडा लावून त्यांनी ते बंद केलं. तारेचं शेवटचं टोक बाहेरच राहिलं, बाकीची तार आत गेली. हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी समोर बसून सांगितलं. त्याआधी मला शुद्ध आली तेव्हा आई माझ्यावर वाकली होती आणि स्वतःचे ओठ ताणून हसल्यासारखं करत होती. मला कळेना काय चाललंय. मग लक्षात आलं, मला हसायला सांगतेय. मी हसले. तोंड सरळ होतं. आई खाली बसली आणि पदराने चेहरा पुसायला लागली.

पुढचे कितीतरी दिवस खोली गरगरत होती. मी भिंत धरून चालायची.

जखम भरल्यावर, आतल्या तारेसाठी कानामागे लावायचं नवं मशीन चालू करायचा दिवस आला. त्या दिवसाबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असतं, की बटण दाबलं, मुलीला आईचा आवाज ऐकू आला, सगळे रडले. माझ्या डोक्यात पत्र्यावर खडे पडायला लागले. बाबांनी माझं नाव घेतलं, तर खडे पडले. आईने घेतलं, तर तेच खडे. दार लावलं तरी तेच. ते ऐकणं नव्हतंच, कुणीतरी टिचक्या मारत होतं.

"बंद करा," मी म्हटलं.

मशीन जुळवणाऱ्या बाईंनी ते लगेच बंद केलं. पाटीवर लिहिलं, "पुरे आज. उद्या परत." मी मान हलवली नाही.

गावी आल्यावर मी ते मशीन डबीत घालून फडताळात ठेवलं. दोन दिवस आईने काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने डबी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाडीतल्या सगळ्यांशी भांडलीस. डॉक्टराशी भांडलीस. काकाशी भांडलीस. आता ह्याच्याशी भांड."

मी मशीन लावलं, ते तिच्या बोलण्याला उत्तर नव्हतं म्हणून.

मग आमची शिकवणी सुरू झाली. आई चौथी शिकलेली. सराव कसा करून घ्यायचा ते रत्नागिरीत मशीन जुळवणाऱ्यांनी एकदा तिला दाखवलं होतं, बाकी तिने स्वतःच ठरवलं. मी ओठ बघू नयेत म्हणून ती तोंडासमोर सूप धरायची आणि सुपामागून एकेक शब्द टाकायची. आधी लांबीने वेगळे शब्द. भात. काजू. मोगरा. कोकमाचं सार. मग सारखे वाटणारे. माती, वाती, पाती. मी म्हणायची वाती, ती सुपामागून मान हलवायची, नाही. परत. पुन्हा नाही. मला इतका संताप यायचा की मी उठून परड्यात जायची. ती सूप घेऊन मागे यायची. शेजारणी बघायच्या. एकीने विचारलं की हे काय चाललंय, तर आई तिला म्हणाली, "पाखडतंय."

खड्यांचे हळूहळू शब्द होत गेले. आधी शब्दाचा नुसता आकार कळायचा, आखूड की लांब. मग कुठला हळू, कुठला जोरात. दर थोड्या दिवसांनी रत्नागिरीला जाऊन मशीन पुन्हा जुळवून घ्यायचं.

एके दुपारी आई सुपामागून काहीतरी म्हणाली आणि मी चुकले. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा चुकले. ती वैतागली.

"कान फुटले काय गो तुझे?"

"फुटलेच आहेत," मी म्हटलं.

सूप खाली आलं. आमच्या घरात ते वाक्य तिसरीपासून कुणी उच्चारलं नव्हतं. कुत्र्यालासुद्धा कुणी तसं ओरडत नसे. आईने तोंडावर हात ठेवला होता, बोलून काय बसले म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की मी उत्तर दिलं होतं. ओठ न बघता, आख्ख्या वाक्याला.

"काय बोलले मी?" तिने सूप पुन्हा वर धरलं.

"कान फुटले काय गो तुझे."

तिने सूप ठेवून दिलं आणि चहा टाकायला गेली. त्या दिवशी पुढे शिकवणी झाली नाही.

पदवी घेऊन मी खेळाच्या शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि रत्नागिरीतल्या एका शाळेत लागले. मधल्या काळात काकांनी एक स्थळ आणलं. आदल्या दिवशी काकूंनी निरोप पाठवला, केस मोकळे सोडून बस, कानामागचं दिसायला नको. मी केस वर बांधून अंबाडा घातला. मुलाच्या आईची नजर कांदेपोह्यांपेक्षा माझ्या कानावरच होती. शेवटी तिने विचारलं, "रात्री हे काढलं की काहीच ऐकू येत नाही?"

"काही नाही," मी म्हटलं. "घोरण्याचाही त्रास नाही."

मुलगा हसला. त्याची आई हसली नाही. स्थळ परत आलं नाही, आणि मीही वाट बघितली नाही.

शाळेत मी मुलींचा संघ बांधला. शिकवताना मला मैदानाबाहेर राहावं लागतं, ते मी पाळते. डॉक्टर बाईंना शब्द दिला आहे. पण शिकवून माझं भागेना. मला मैदानावर उभं राहायचं होतं, म्हणून मी पंच परीक्षेला बसायचं ठरवलं. लेखी सहज पास झाले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षकांनी, एका वयस्क जुन्या खेळाडूने, माझा कान बघितला.

"बाई, चढाई करणाऱ्या मुलीचा दम पंचाला ऐकू यावा लागतो. ती कबड्डी कबड्डी म्हणतेय की थांबली, हे तुम्हाला कळणार कसं?"

"घ्या परीक्षा."

मैदानाच्या कडेला भोंगा लावला होता, कसलीतरी गाणी चालू होती. पोरांचा आरडाओरडा होता. असल्या गोंगाटात माझं मशीन सगळ्याची एकच खिचडी करतं, ते मला माहीत होतं. पहिल्या चार चढाया जवळच्या कोपऱ्यात झाल्या, त्या मी बरोबर दिल्या. पाचवी लांबच्या कोपऱ्यात, पाठमोरी. मला काही ऐकू आलं नाही. अंदाजाने शिट्टी मारता आली असती. मी शिट्टी खाली केली.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "भोंगा बंद करा, मग येईल."

"सामन्यात कोण बंद करणार?"

"तुम्हाला आला का आत्ता तिचा दम?"

"नाही आला," ते म्हणाले. "पण मला येत नाही म्हणून तुम्हाला पास करू का?"

त्यांचं चुकत नव्हतं. मला नापास केलं. घरी जाताना मी चिडलेली होते, पण त्यांच्यावर नाही. वर्षभर मी दर रविवारी शेजारच्या वाड्यांचे सामने बघत हिंडले. कुठे उभं राहिलं की चढाई करणारीचं तोंड दिसतं, पाठमोरी झाली तर तिची पाठ कशी फुगते, दम संपत आला की मान कशी वर येते. पुढच्या वर्षी तेच परीक्षक, तोच भोंगा. या वेळी मी एका जागी थांबले नाही, रेषेवरून सारखी सरकत राहिले. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "पळता फार तुम्ही."

"खेळाडू होते," मी म्हटलं. त्यांनी पास केलं.

यंदाच्या थंडीत राजापूरकडच्या एका गावात मुलींचा अंतिम सामना होता. मी पंच. शेवटची काही मिनिटं, गुण जवळजवळ बरोबरीत. यजमान गावाची मुलगी चढाईला आली, दोघींना हात लावून परत फिरली. मध्यरेषा गाठायच्या आधीच तिचे ओठ मिटले. मी शिट्टी मारली. दम तुटला, चढाई करणारी बाद.

त्यांचे प्रशिक्षक मैदानात घुसले. "बाईंना ऐकायला येत नाही," ते प्रेक्षकांकडे बघून मोठ्याने म्हणाले. "कानात मशीन आहे त्यांच्या. काय कळणार त्यांना दम?"

प्रेक्षकांत हशा झाला. तो मला चांगला ऐकू आला.

"मशीन आहे," मी म्हटलं. "ओठ मिटले होते. मला दिसलं. निर्णय तोच."

ते समोरच्या बाजूच्या पंचाकडे गेले. तो म्हणाला, मला नक्की सांगता येत नाही, ती माझ्याकडे पाठ करून होती. मग प्रकरण सरपंचांकडे गेलं, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांकडे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खात्री आहे?"

"आहे."

"बदलायचा असेल तर आत्ताच बदला. गाव तापलंय."

"नाही बदलायचा."

त्यांनी निर्णय कायम ठेवला. मागून कुणीतरी "बहिरी" म्हणून ओरडलं, मग आणखी दोघंतिघं ओरडले. ती मुलगी बाहेर जाताना माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. दुसऱ्या संघाची चढाई करणारी रेषेवर येऊन उभी राहिली होती. मी एक पाऊल पुढे सरकले, तिचं तोंड दिसेल अशी, आणि खेळ सुरू करायची शिट्टी दिली.